धानाच्या बांधीत, स्तूपाच्या गावी

आमच्या घरात सहल म्हटली की नावे ठरलेली: अजिंठा, वेरूळ, नाहीतर चैत्यभूमीची वारी. भंडारा जिल्ह्यात जायचे म्हटल्यावर मुले म्हणाली, "तिथे पाहायला काय आहे?" खरे सांगायचे तर आम्हीही पाहायला निघालो नव्हतो. आमचे आजोबा गिरणीत काम मिळावे म्हणून पवनी भागातले गाव सोडून नागपुरात आले. मागे राहिलेल्या दोन खोल्यांच्या घरात आता एकटी आत्या राहते. ते घर विकावे की ठेवावे, एवढेच बोलायला आम्ही चाललो होतो.

नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे पवनी ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. भिवापूरची मिरची मागे पडली की कापूस-सोयाबीन कमी होत जाते आणि दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या दिसू लागतात. जुलै महिना होता. गावात पोचलो तर घराला कडी! आत्या रोवणीला गेली होती.

मुलांना घेऊन आम्ही बांधीवर गेलो. दहा-बारा बाया गुडघाभर चिखलात वाकून, मागे मागे सरकत धानाचे रोप लावत होत्या. रोवणी गुत्त्याने घेतलेली, म्हणून सूर्य असेपर्यंत हात थांबत नाहीत. आमच्या मुलीने हौसेने चार रोपे लावली. पाहता पाहता ती पाण्यावर तरंगू लागली. आत्या हसून म्हणाली, "मुळी चिखलात पक्की बसली पाहिजे, बाई. वरवर खोसलं तं पानी घेऊन जाते." रोज ताटात भात खाणाऱ्या आमच्या मुलांनी तो कसा पिकतो, हे त्या दिवशी प्रथम पाहिले. अर्ध्या तासात आमचीही कंबर धरली. आत्याचे वय सत्तरीच्या घरात आहे.

हा जिल्हा तलावांचा. येथे कोहळी समाजाने तलाव बांधण्यात नाव मिळवले. पुढे मालगुजारी गेली, तरी लोक आजही त्यांना मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. लहान तळ्याला बोडी. धान उभे असतानाच ओलीवर लाखोरी टाकतात, म्हणजे एका पावसावर दोन पिके निघतात. येथल्या चिन्नोर तांदळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवळच गोसेखुर्द येथे वैनगंगेवर मोठे धरण उभे आहे. त्याची पायाभरणी 1988 मध्ये झाली. पाणी आले, पण कित्येक गावे त्याच पाण्याखाली गेली. ज्यांचे घर शाबूत आहे त्यांनी घराची किंमत कशी करावी, हा विचार तेव्हाच आमच्या मनात आला.

दुसऱ्या दिवशी आत्याने काम बुडवले आणि आम्हाला पवनीला नेले. वैनगंगेच्या काठी वसलेले हे गाव फार जुने. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून दोन हजार वर्षांहून जुना स्तूप बाहेर आला. त्याच्या दगडी कठड्यावर शिल्पे होती, ब्राह्मी अक्षरे होती. एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव आहे. तथागतांवर पाऊस कोसळत असताना सात दिवस फणा धरून बसला, तोच हा मुचलिंद. नागपूरच्या दीक्षा सोहळ्यानंतर 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांचा इतिहास सांगितला होता. आम्ही दरवर्षी दीक्षाभूमीला जातो. पण नागाचे नाव कोरलेला दगड आमच्याच आजोबांच्या मुलुखात निघाला, हे आम्हाला ठाऊक नव्हते!

टेकडीवर आमच्याशिवाय फारसे कोणी नव्हते. पावसाची सर आली. आत्याने डोक्यावरचा पदर सोडून नातीच्या डोक्यावर धरला. मग सहज म्हणाली, "बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे राहिले तवा तुमच्या आजोबानं लई पायपीट केली." ती 1954 ची पोटनिवडणूक. बाबासाहेब तीत पराभूत झाले. आत्या पुढे म्हणाली, "हरलो तरी आपला मानूस इथून उभा होता, हे बाबा मरेपर्यंत सांगत."

ही गोष्ट आजोबांनी आम्हालाही सांगितली असेल. आम्ही ऐकली नसावी. आता ती सांगणारी एक आत्याच उरली आहे. मुलाने तिथेच वही काढून लिहून घेतली.

रात्री घराचा विषय निघाला. आत्या रागावली नाही. एवढेच म्हणाली, "माझ्या मागं विका. मी हाय तवर पावसात गळू देऊ नका." आम्हाला मान वर करवली नाही. परतल्यावर आम्ही भावंडे एकत्र बसलो. विक्रीचा विषय बंद केला आणि उन्हाळ्यात कवेलू फिरवून घेण्यासाठी प्रत्येकाने आपापला वाटा काढला.

वाचक बंधू-भगिनींनो, मोठ्या लेण्या जरूर पाहाव्यात. पण आपल्यापैकी अनेकांची एखादी आत्या, मावशी अशा आडवळणाच्या जिल्ह्यात आहे. तिच्याकडे जा. रोवणी पाहायची तर जुलै-ऑगस्टमध्ये, कापणी पाहायची तर दिवाळीच्या सुमारास. पवनीजवळ रुयाडला महासमाधीभूमीचा स्तूप आहे. फेब्रुवारीत तेथे धम्म महोत्सव भरतो. जाताना मुलांना वही-पेन द्या, आणि पाहुणे म्हणून खाटेवर बसून राहू नका.

निघताना आत्याने पिशवीभर तांदूळ दिला. मुलीने तो घरी आणून निवडला, आणि पहिल्यांदाच ताटात एक शीतही टाकले नाही.