खेळ पोरांचा, हिशेब व्यापाऱ्याचा

व्हिडिओ गेम म्हणजे पोरासोरांचे खूळ, असे म्हणून आपण व्यापारी आणि कारागीर मंडळी हा विषय बाजूला सारतो. परंतु ज्या वस्तूवर घरोघरी पैसा खर्च होतो तो धंदाच होय, आणि धंद्याचे गणित आपल्याला कळलेच पाहिजे. गेल्या काही महिन्यांत घरातील मुलांच्या आग्रहाखातर मी टी.व्ही.ला जोडायच्या कन्सोलवर आणि मोबाईलवर काही खेळ खेळून पाहिले. हार-जीतीचे काही कौतुक सांगण्यासारखे नाही. मात्र माल कसा बनविला आहे, किंमत कोठे लावली आहे आणि गिऱ्हाइकाला दुकानात कसे बसवून ठेवले आहे, हे कापड विकणाऱ्याच्या नजरेला लवकर दिसते. तेच येथे सांगतो.

पत्ते बनविणाऱ्या कारागिरांची कंपनी

निन्टेन्डो हे या धंद्यातील मोठे नाव. ही कंपनी मुळात कारागिरांची. १८८९ साली जपानच्या क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी हाताने बनविलेले ‘हानाफुदा’ नावाचे पत्ते विकायला सुरुवात केली. तुतीच्या सालीच्या कागदावर फुले-पाने रंगविलेले ते पत्ते होते. पुढे पत्ते यंत्रावर बनू लागले. ती यंत्रे दुरुस्त ठेवण्यासाठी १९६५ साली गुनपेई योकोई या तरुणाला नोकरीत घेतले गेले. फावल्या वेळात त्याने लांबवता येणारा एक चिमटेवजा हात बनविला होता. मालकाने तो पाहिला आणि खेळणे म्हणून १९६६ साली बाजारात आणला. त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले. कामगाराच्या हातात काय आहे हे मालकाने पाहिले, म्हणून कंपनीला नवी वाट सापडली. आपल्या कारखान्यातही असे हात असतात, पाहणारा डोळा मात्र हवा.

याच योकोईचे म्हणणे असे की, सर्वात नवे आणि महाग तंत्र घेऊ नये. जे तंत्र जुने, स्वस्त आणि पक्के झाले आहे, त्याचा नवा उपयोग शोधावा. कॅल्क्युलेटरचे पडदे स्वस्त झाले तेव्हा त्याने १९८० साली त्याच पडद्यावर खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ बनविला. १९८९ साली ‘गेम बॉय’ आला. त्याचा पडदा रंगीत नव्हता, पण तो चार सेलवर कितीतरी तास चाले आणि अमेरिकेत सुमारे ९० डॉलरला मिळे. १९९० साली सेगा कंपनीने रंगीत पडद्याचा ‘गेम गिअर’ आणला. दिसायला झकास, पण त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. किंमतही सुमारे १५० डॉलर. शेवटी गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त नग विकले गेले, तर गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. गिऱ्हाइकाला झगमगाट आवडतो खरा, पण रोज वापरायला तो टिकाऊ आणि परवडणारा मालच घेतो. कापडाच्या धंद्यात हे वेगळे सांगायला नको.

जादा माल आणि बुडालेला बाजार

आपल्याकडे मंदी आली की सर्वजण सरकारला आणि नशिबाला बोल लावतात. अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार १९८३ साली कोसळला, त्याचे कारण मात्र दुकानातच होते. कोणीही उठावे आणि कॅसेट काढावी, अशी स्थिती झाली होती. दुकाने मालाने भरली, पण मालात दम नव्हता. अटारी कंपनीने एका गाजलेल्या चित्रपटावरून ‘ई.टी.’ हा खेळ १९८२ च्या नाताळासाठी सुमारे पाच आठवड्यांत घाईघाईने बनवून घेतला आणि लाखो कॅसेटी छापल्या. त्यांतील मोठा भाग पडून राहिला. १९८३ मध्ये कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला. २०१४ साली तो खड्डा उकरला तेव्हा त्या कॅसेटी खरोखरच बाहेर आल्या. १९८३ मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलरचा असलेला तेथील बाजार १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास उतरला. सणाच्या तोंडावर हलका माल भरून ठेवणाऱ्या आपल्या भावांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

१९८५ साली निन्टेन्डोने त्याच पडलेल्या बाजारात आपले यंत्र उतरविले. परवानगीशिवाय बनविलेली कॅसेट चालू नये म्हणून यंत्रात कुलूप घातले, खोक्यावर दर्जाची मोहोर लावली आणि बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त खेळ काढण्यास मनाई केली. ही पकड कडक होती आणि त्यावर टीकाही झाली, पण गिऱ्हाइकाचा विश्वास परत आला. त्याच वर्षीचा ‘सुपर मारिओ’ मी परवा खेळून पाहिला. त्यात सूचना लिहिलेल्या नाहीत. पहिला शत्रू समोरून चालत येतो, आपण उडी मारतो आणि खेळ आपोआप समजतो. चांगल्या मालाला फार बोलावे लागत नाही, हे त्यात दिसते.

आपल्याकडे त्या काळात याच यंत्राच्या नकला आल्या होत्या. कॅसेटीवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे, आत मात्र तेच पाच-दहा खेळ पुन्हा पुन्हा नावे बदलून घातलेले असत. एकाच ताग्याचे चार नावांनी तुकडे विकण्यासारखाच हा प्रकार.

बनविणाऱ्याचा हक्क

मला स्वतःला सर्वात आवडला तो ‘टेट्रिस’. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून बिनफटीचे रचायचे. कापड बेतणाऱ्या शिंप्याला हा खेळ लगेच जमेल. १९८४ साली मॉस्कोच्या सरकारी संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो बनविला. जगभर तो विकला गेला, गेम बॉयबरोबर तर घराघरात पोहोचला. परंतु हक्क सोव्हिएत सरकारच्या संस्थेकडे होते. पाजित्नोव्ह यांना आपल्या खेळाची रॉयल्टी मिळू लागली ती १९९६ पासून, म्हणजे बारा वर्षांनी. नवे डिझाइन, नवी वीण, नवी नक्षी काढणाऱ्या आपल्या कारागिरांनी यातून बोध घ्यावा. हुनर आपले असेल तर त्याचे नाव आणि हक्क वेळीच कागदावर आणावेत.

फुकटच्या दुकानाचे गणित

येथपर्यंतचा धंदा आपल्या ओळखीचा आहे. माल दाखवा, किंमत सांगा, पैसे घ्या. मोबाईलवरील बहुतेक खेळांची रीत उलटी आहे. दुकानात शिरायला काही पडत नाही, किंमत आत गेल्यावर सुरू होते.

‘कँडी क्रश’ हा खेळ २०१२ साली आला. रंगीत गोळ्या जुळवायच्या. त्यात पाच ‘जीव’ मिळतात. हरलात की एक जीव जातो आणि तो परत मिळायला अर्धा तास लागतो. सुरुवातीचे टप्पे सोपे, मन रमते. मग एक अवघड टप्पा येतो. एकच चाल कमी पडते आणि खेळ म्हणतो, थोडे पैसे द्या, पाच चाली घ्या. म्हणजे येथे माल विकला जात नाही, अधीरपणा विकला जातो. बहुसंख्य लोक एक पैसाही देत नाहीत. थोडे लोक पुष्कळ देतात आणि दुकान त्यांच्यावर चालते. हा धंदा किती मोठा, तर ही कंपनी २०१६ साली ५९० कोटी डॉलरला विकली गेली.

सर्वच फुकट खेळ असे ओढून घेणारे नसतात. नवी मुंबईच्या गेमटियन कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ साली आला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदूरची कुटुंबे त्यावर एकत्र बसली. आपल्याच पचिसीचे ते रूप. तेथे बराच खर्च जाहिराती भागवितात. तरी जाहिरात पाहणे म्हणजे आपला वेळ देणे, तीही किंमतच.

मुलांच्या हातून पैसे कसे जातात, याची नोंद सरकारी दफ्तरांत आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत २०१४ साली ॲपल कंपनीने, पालकांच्या परवानगीविना मुलांनी केलेल्या खरेदीबद्दल किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे कबूल केले. २०२२ साली ‘फोर्टनाइट’ बनविणाऱ्या एपिक कंपनीने ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांतील साडेचोवीस कोटी अशा गिऱ्हाइकांसाठी होते, ज्यांच्याकडून एकाच चुकीच्या बटणावर पैसे कापले गेले होते. बंद पेटीत काय निघेल हे न सांगता ती विकत घ्यायला लावणे, हा आणखी एक प्रकार. बेल्जियमने २०१८ साली त्याला जुगार ठरविले. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा मंजूर केला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. परंतु जिंकून पैसे मिळविण्याची आशा नसलेले साधे खेळ या बंदीत येत नाहीत. तेव्हा तेथील राखण आपल्यालाच करावी लागेल.

दुकानदारांनी एवढे करावे

आपल्यापैकी पुष्कळांचा धंद्याचा आणि घरचा मोबाईल एकच असतो. त्यावरच बँक, त्यावरच गिऱ्हाइकांचे हिशेब आणि संध्याकाळी तोच मुलाच्या हातात. हे आधी बंद करावे. मुलांना खेळायला जुना, बँकेशी न जोडलेला मोबाईल द्यावा. ॲप घ्यायच्या प्ले स्टोअरमध्ये कार्ड नोंदवून ठेवू नये आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय चालू करावी. यू.पी.आय.चा पिन मुलांना सांगू नये, त्यांच्यासमोर टाकूही नये. चुकून खरेदी झालीच तर पहिल्या ४८ तासांत परताव्याची मागणी करावी. कोणी फसवून पैसे काढले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

मुलांना खेळू देण्यास हरकत नाही. पण खेळताना त्यांना जवळ बसवून विचारावे की, या दुकानाचा मालक कमावतो कोठून? व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला हा प्रश्न एकदा कळला की तो पुढच्या वेळी ‘आता घ्या’ असे बटण दिसताच थांबून विचार करील.