मुनींचे पाय धुतात ते का?

पलूस तालुक्यातलं कुंडल स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथांमुळे ते दिगंबर जैनांचं तीर्थही आहे. या भागात मुनिसंघ आला की आहारदानाचा विधी जरूर पाहा.

मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. श्रावक सोवळ्याने दारात उभे राहून त्यांना विनवतात, याला पडगाहन म्हणतात. नवधा भक्तीतला हा पहिला टप्पा. मग उच्चासन आणि तिसरं पादप्रक्षालन. उकळून घेतलेल्या पाण्याने पाय धुतात आणि ते पाणी गंधोदक म्हणून कपाळी लावतात. पूजा, नमस्कार आणि मन, वचन, काया व अन्नाच्या शुद्धीची ग्वाही त्यानंतरच. आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्या माणसाचे ते पाय. मला तर या सगळ्या विधीचा गाभा तिथेच दिसतो.

पाय धुण्याची रीत इतर परंपरांतही आहे. आपल्या शेजारच्या लिंगायत घरांत पादोदक, म्हणजे गुरूंचे पाय धुतलेलं पाणी, हे अष्टावरणांपैकी एक. हिंदू लग्नात वधुपिता जावयाचे पाय धुतो. मुस्लिम नमाजाआधी वजू करताना स्वतःचेच पाय घोट्यापर्यंत धुतात. तिथे मान द्यायचा नसून शुद्ध व्हायचं असतं.

ख्रिस्ती परंपरेत तर क्रमच उलटतो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी गोव्यात, वसईत धर्मगुरू खाली वाकून भाविकांचे पाय धुतात, कारण येशूने शिष्यांचे धुतले होते. कॅथलिक नियमानुसार यासाठी फक्त पुरुष निवडत. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये तो बदलून स्त्रियांनाही स्थान दिलं.