खाडीतील जलचरांचे रोग व परकीय प्रजाती : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबई उपनगरांच्या दोन्ही अंगांना खाऱ्या पाण्याची किनार आहे. पश्चिमेस अंधेरी ते बोरिवलीलगत मालाड व मनोरीच्या खाड्या, तर पूर्वेस घाटकोपर-मुलुंडलगत ठाण्याची खाडी आहे. या पाण्यातील मासळी घटण्याची चर्चा सांडपाणी व भराव यांभोवती फिरते. रोगजंतू व परकीय प्रजाती हे घटक तीत सहसा येत नाहीत. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या व्यवस्थापनाचा विचार केला आहे.

परकीय प्रजातींचा प्रवेश

जहाजे समतोलासाठी एका बंदरातील पाणी टाक्यांत भरून दुसऱ्या बंदरात सोडतात. त्याबरोबर सूक्ष्म अळ्याही प्रवास करतात. काही जीव जहाजाच्या तळाला चिकटून येतात. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील 'मिटिलोप्सिस सालेई' हा लहान शिंपला भारतात प्रथम १९६७ मध्ये विशाखापट्टणम येथे आढळला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या गोदीतही त्याची नोंद झाली. गोड्या-खाऱ्या पाण्याचे चढउतार तो सहज सोसतो, लवकर प्रजननक्षम होतो व दाट थर करून स्थानिक जीवांची जागा व्यापतो. मुंबई बंदराचे पाणी भरती-ओहोटीबरोबर ठाण्याच्या खाडीत ये-जा करते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता. दरवाजे असलेल्या बंदिस्त गोद्यांत क्लोरीन व मोरचूद वापरून त्याचा काही आठवड्यांत नायनाट करण्यात आला. मात्र त्या पाण्यातील इतर जीवही मेले. खुल्या खाडीत असा उपाय शक्य नाही.

रोगांचे स्वरूप

कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने भारतात १९९४ पासून कोळंबी संवर्धनाची मोठी हानी केली. लागण झालेल्या तलावातील कोळंबी तीन ते दहा दिवसांत जवळजवळ संपूर्ण मरू शकते. माणसास हा विषाणू अपायकारक नाही. परंतु त्यावर औषधही नाही. खेकडे बाह्यतः निरोगी राहून तो वाहून नेतात. म्हणून रोगट तलावाचे पाणी निर्जंतुक न करता खाडीत सोडणे हे साऱ्या परिसरास धोक्याचे ठरते.

व्यवस्थापन

प्रतिबंधाची चौकट उपलब्ध आहे. २००४ चा जहाजांच्या समतोल-पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ रोजी अमलात आला. जलचर रोगांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणास २०१३ मध्ये आरंभ झाला, तर २०२३ मध्ये रोगाची माहिती कळविण्यासाठी 'रिपोर्ट फिश डिसीज' हे ॲप सुरू झाले. मत्स्यरोगांचे अध्यापन व संशोधन करणारी केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (स्थापना १९६१) अंधेरीतील वेसावे येथेच आहे.

उणीव आहे ती नियमित निरीक्षणाची. धक्क्याजवळ लाकडी वा सिमेंटच्या फळ्या पाण्यात टांगून दरमहा त्यांवरील जीवांची नोंद घेणे प्राणिशास्त्र विभागांना अल्प खर्चात साध्य आहे. जाळ्यात आलेला अनोळखी शिंपला किंवा ठिपकेदार कोळंबी प्रथम पाहतात ते कोळी बांधव व भगिनीच; त्यांच्या माहितीस या नोंदींत स्थान हवे.

निष्कर्ष

परकीय जीव वा विषाणू खुल्या खाडीत स्थिरावल्यावर तो काढून टाकण्याचा व्यवहार्य मार्ग उरत नाही. डार्विनला यश लाभले ते पाणी बंदिस्त होते म्हणून, आणि आधीची नोंद हाताशी असल्याने बदल लगेच लक्षात आला म्हणून. आपल्या खाड्या बंदिस्त करता येणार नाहीत. नोंद ठेवणे मात्र उपनगरांतील महाविद्यालयांच्या हाती आहे.