शाळेचें कुलूप आणि घरचें लिखाण

नियम करणें सोपें. नियमाला दार कोठें ठेवावयाचें, हें ठरविणें कठीण. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम व अपवाद म्हणजे त्याला मुरड घालणारा विशेष नियम, हें आम्हीं आयुष्यभर वर्गांतील फळ्यावर लिहिलें. तोच धडा उतारवयांत एका संगणकाच्या निमित्तानें घरींच पुन्हा गिरवावा लागला. ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची नात इयत्ता नववींत आहे. आमच्या आत्याबाई, वय वर्षें ९१, गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे होत्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, तेव्हां त्या नारायण पेठेंत राहत होत्या. त्या दिवसाची धांदल, शेजाऱ्यांच्या गच्चीवरून पाहिलेलें पाणी, वाहून गेलेला देव्हारा, हें सारें त्या रात्रीं जेवणें झाल्यावर नातीस सांगत. आणि ती दुसरे दिवशीं शाळेच्या संगणकावर तें लिहून काढी. कार्तिकांत आत्याबाई निवर्तल्या. दिवस झाल्यावर सर्वांनाच तें लिखाण वाचावेंसें वाटलें, तेव्हां कळलें कीं, त्याची एकुलती एक प्रत शाळेंत आहे आणि ती बाहेर येऊं शकत नाहीं.

शाळेचे नियम कडक. पेनड्राइव्ह लावला तर यंत्र तो ओळखीतच नाहीं. खासगी ई-मेल उघडत नाहीं. मोबाइल वर्गांत नेण्यास बंदी. त्यांत नाताळच्या सुट्टींत सर्व यंत्रें पुसून कोरीं करावयाचीं होतीं. आमचा पुतण्या म्हणाला, "काका, हें कुलूप उघडण्याच्या दहा युक्त्या मला ठाऊक आहेत. हिला एक शिकवितों, उद्यां काम फत्ते!" नात आमच्या तोंडाकडे पाहूं लागली. आमचेंहि मन क्षणभर डळमळलें, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु नियमामागील कारण पाहिल्यावांचून त्यास नांवें ठेवणें बरें नव्हे. संगणकाचे रोग आरंभीं हातोहात फिरणाऱ्या तबकड्यांतूनच पसरले. १९८२ सालीं रिच स्क्रेंटा या अमेरिकेंतील शाळकरी मुलानें थट्टेखातर रचलेला 'एल्क क्लोनर' फ्लॉपीच्या वाटेनें मित्रांच्या यंत्रांत शिरला. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां बंधूंचा 'ब्रेन' तसाच देशोदेशीं गेला. २०१० सालीं उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' तर बाहेरच्या जगाशीं न जोडलेल्या इराणच्या अणुकेंद्रांतील यंत्रांपर्यंत पोंचला, तोहि पेनड्राइव्हमधून, असा जाणकारांचा निष्कर्ष आहे. जेथें एका यंत्रावर अनेक वर्गांचे हात पडतात, तेथें एकाची हयगय सर्वांस बाधते. शिवाय मुलांचे पत्ते, गुण व छायाचित्रें शाळेच्या स्वाधीन असतात; अल्पवयीनांच्या अशा माहितीसाठीं २०२३ च्या केंद्रीय कायद्यांत विशेष तरतूद आहे. मग शाळेनें दार लावून घेतलें, तर त्यांत नवल तें काय?

म्हणून पुतण्यास आवरलें, आणि नातीकडूनच मुख्याध्यापिकाबाईंना अर्ज लिहविला: लिखाण कोणतें, किती पानांचें, आणि कशासाठीं हवें. तीन दिवस उत्तर नाहीं. चौथ्या दिवशीं आम्ही स्वतः गेलों. संगणकाचे शिक्षक तरुण व सालस होते. ते म्हणाले, "गुरुजी, पेनड्राइव्हचा नियम मला मोडतां येणार नाहीं. पण प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेच्या खात्यांत स्वतःची जागा आहे. तेथें लिखाण ठेवलें, कीं परवलीचा शब्द देऊन तें घरीं उतरवून घेतां येतें. मुलांना हें सांगावयाचें मात्र राहून गेलें." दहा मिनिटांत काम झालें.

घरीं उघडून पाहतों तों अक्षरांच्या जागीं नुसता गोंधळ! शाळेंतील यंत्रावर जुन्या तऱ्हेचा फॉन्ट होता. त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीचीं रूपें चढविलेलीं असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सोंग उघडें पडतें. युनिकोडांत देवनागरीच्या वर्णांना व मात्रांना स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून मजकूर परगांवीं गेला तरी आपलें रूप टाकीत नाहीं. येथें पुतण्याची विद्या योग्य कामीं आली. त्यानें सारा मजकूर युनिकोडांत उतरविला, आणि वाटेंत मोडलेलीं जोडाक्षरें आम्हीं चष्मा लावून दुरुस्त केलीं.

शाळाचालकांना आमची एवढीच विनंती आहे कीं, बंदीचा फलक लावाल तेथेंच परवानगीची वाटहि लिहा. ज्या नियमाचा अपवाद विद्यार्थ्याला ठाऊक नसतो, तो नियम त्याला चोरवाटा शोधावयास शिकवितो. आणि पालकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, जें पुन्हा मिळावयाचें नाहीं त्याची एक प्रत पहिल्याच दिवशीं घरीं आणावी, जमल्यास छापूनहि ठेवावी.

त्या रात्रीं नातीनें सर्वांदेखत लिखाण वाचलें. देव्हारा वाहून गेल्याचा भाग आला, तेव्हां ती थांबली. पुढलीं दोन पानें पुतण्यानें वाचलीं. छापील प्रत आतां आत्याबाईंच्या पोथ्यांशेजारीं फडताळांत आहे. त्या फडताळाला कुलूप नाहीं.