ऊन, सावली आणि रंग

सावलीची लांबी : सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीइतकी, ३० अंशांवर सुमारे पावणेदोन पट. मुंबईत मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो : हाच शून्य सावली दिवस.

सावलीची कड : सूर्यबिंब आकाशात अर्धा अंश रुंद दिसते, बिंदूसारखे नव्हे. म्हणून गडद प्रच्छायेभोवती फिकट उपच्छाया असतेच. जमिनीपासून एक मीटरवरच्या वस्तूच्या सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर पुसट. ढगाळ दिवशी सारे आकाशच दिवा होते. सावल्या जवळजवळ नाहीशा.

प्रकाशाचा रंग (केल्विनमध्ये, अंदाजे) :
• सूर्योदय-सूर्यास्त : २००० ते ३०००
• भर दुपार : ५५००
• ढगाळ आकाश : ६५००
• निरभ्र दिवशीची सावली : ७००० ते १००००

आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळा. सावलीत थेट ऊन नसते, निळ्या आकाशाचा प्रकाश मात्र पोहोचतो. डोळ्यांना तो निळेपणा सहसा जाणवत नाही, कारण मेंदू रंग जुळवून घेतो. कॅमेऱ्यात ‘व्हाइट बॅलन्स’ त्यासाठीच.

चित्रात : क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची मालिका रंगवली. बर्फावरच्या सावल्या त्यात निळ्या-जांभळ्या आहेत.