अणुकचऱ्यातले आयोडीन कोंडायचे कसे?

राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर अणुऊर्जा प्रकल्प होणार, ही चर्चा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी झाली आहे. सहा मोठ्या अणुभट्ट्यांची ही योजना. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे आंदोलनाच्या वेळी गोळीबार होऊन एकाचा जीवही गेला. प्रकल्प हवा की नको, यावर मतभेद असणारच. पण बाजू कोणतीही असो, जळलेल्या इंधनाचे पुढे काय होते हे आपण सर्वांनी समजून घ्यायला हवे. त्यातला एकच पदार्थ आज पाहू: आयोडीन.

आयोडीन आपल्या ओळखीचे आहे. मिठाच्या पुडीवर त्याचे नाव असते, मासळीतही ते असते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला ते लागते. कमी पडले तर गलगंड होतो. अडचण अशी की, किरणोत्सारी आयोडीन आणि साधे आयोडीन यांतला फरक शरीराला कळत नाही. दोन्ही ते सारख्याच ओढीने घेते.

अणुभट्टीत याचे दोन प्रकार महत्त्वाचे. आयोडीन-१३१ चे प्रमाण दर आठ दिवसांनी निम्मे होते. तीव्र, पण थोड्या दिवसांचा पाहुणा. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर ते गवतातून गाईच्या दुधात उतरले. तेव्हा मुले असलेल्या हजारो लोकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. त्यात या दुधाचा वाटा मोठा होता. दुसरे आयोडीन-१२९. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे १ कोटी ५७ लाख वर्षे लागतात! त्याचा किरणोत्सार सौम्य, पण मुक्काम न संपणारा. शिवाय ते पाण्याबरोबर सहज वाहते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि आयोडाइडवरही ऋणच. त्यामुळे सीझियमला धरून ठेवणारी माती आयोडीनला धरत नाही.

आपल्या देशात जळलेले इंधन फेकायचे नाही, त्यातले उपयोगी घटक पुन्हा काढून घ्यायचे, असे धोरण आहे. मुंबईत तुर्भे येथे १९६४ मध्ये असा पहिला कारखाना सुरू झाला. उरलेला तीव्र कचरा वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत भरतात. आपल्याच महाराष्ट्रात तारापूरला हे काम चालते. ही काच सुमारे हजार अंश तापमानाला बनते. पण आयोडीन इतक्या उष्णतेला थांबतच नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी जरा तापवली तरी त्याची जांभळी वाफ वर येते, हे मुलांनी पाहिलेले असते.

म्हणून त्याला आधीच, वायू असतानाच पकडावे लागते. इंधन आम्लात विरघळवताना निघणारा वायू चांदी भरलेल्या झिओलाइटमधून सोडतात. झिओलाइट म्हणजे सूक्ष्म छिद्रांचे खनिज. आपल्या जांभ्या दगडाची छिद्रे डोळ्यांना दिसतात. याची छिद्रे अणू-रेणूंच्या मापाची. पुणे, नाशिक, जळगावकडे काळ्या कातळाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक निसर्गतःच सापडतात. या कामासाठी मात्र ते बहुधा कारखान्यात बनवलेले असते. आतल्या चांदीशी आयोडीनचा संयोग होऊन सिल्व्हर आयोडाइड तयार होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

पण पकडणे वेगळे आणि लाखो वर्षे कोंडून ठेवणे वेगळे. जमिनीखालच्या प्राणवायूविरहित पाण्यात लोहासारखे घटक सिल्व्हर आयोडाइड मोडू शकतात आणि आयोडीन पुन्हा सुटते. म्हणून शास्त्रज्ञ अधिक भक्कम खनिजे शोधत आहेत. एक सोडालाइट. उर्दूत ज्याला लाजवर्द म्हणतात, त्या दगडाला निळा रंग देणारे खनिज याच कुळातले. त्याच्या रचनेत पिंजऱ्यासारख्या जागा असतात आणि तेथे आयोडीन बसते. दुसरे अॅपेटाइट, म्हणजे आपल्या हाडांच्या आणि दातांच्या खनिजाचे कूळ. बनवताना आयोडीन उडून जाऊ नये म्हणून भुकटी बंद डब्यात दाबाखाली तापवतात. यातले बरेचसे काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

दुसरा मार्ग समुद्राचा. फ्रान्समधल्या ला हाग येथील कारखान्यातून आयोडीन-१२९ समुद्रात सोडले जाते. समुद्रातल्या साध्या आयोडीनमध्ये मिसळून ते विरळ होते, असा त्यामागचा युक्तिवाद. विरळ होते हे खरे, पण ते नाहीसे होत नाही. ज्यांची चूल मासळीवर चालते, त्या किनाऱ्यावरच्या लोकांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून माडबनबद्दल बोलताना फक्त अपघाताची भीती किंवा विजेचे आमिष यांवर थांबू नये. जळलेले इंधन येथे किती वर्षे राहील? पुढे कोठे जाईल? त्यातले आयोडीन कोणत्या पदार्थात कोंडणार, आणि त्याची मोजदाद लोकांना दाखवणार का? ग्रामसभेत हे प्रश्न शांतपणे, लेखी विचारावेत. आमच्या वर्गातली मुलेही विज्ञानाच्या तासाला हेच विचारतात. ही जमीन, हे पाणी आपल्याकडे पुढच्या पिढ्यांची अमानत आहे. तिचा हिशोब मागणे म्हणजे कुणाशी वैर नव्हे, ती आपली जबाबदारी आहे.