खरखर कुठं गेली?

आकाशवाणीच्या परभणी केंद्राची सभा सुरू होताना दोन आकडे सांगितले जायचे : २२९.९ मीटर आणि १३०५ किलोहर्ट्झ. मंठा-परतूर भागात हे आकडे अनेकांना ऐकून ऐकून पाठ झाले. १९८१ साली जालना जिल्हा झाला आणि परतूर परभणीतून इकडं आलं. पण लहरींना जिल्ह्याची हद्द कळत नाही.

या आकड्यांचा अर्थ असा. १३०५ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तेरा लाख पाच हजार हेलकावे घेणारी लहर. एका हेलकाव्याची लांबी सुमारे २३० मीटर. ही लहर स्वतः काहीच बोलत नाही. आपला आवाज सेकंदाला काहीशे ते काही हजार कंपनांचा. एवढी संथ लहर थेट पाठवायची तर अँटेना कित्येक किलोमीटर लांब लागेल, शिवाय सगळ्या केंद्रांचे आवाज एकमेकांत मिसळतील. म्हणून वेगवान लहरीच्या पाठीवर आवाज बसवतात. एसटी रोज तीच असते, तिच्यातला पेपरचा गठ्ठा मात्र त्या दिवसाचा असतो, तसंच हे. ती वाहक लहर, आणि तिच्यावर संदेश बसवणं म्हणजे मॉड्युलेशन.

मध्यम लहरींवर आवाजाप्रमाणं लहरीची उंची कमीजास्त करतात. एफएममध्ये उंची तीच राहते, हेलकाव्यांची गती किंचित बदलते. मृगात वीज चमकली की मध्यम लहरींवर कडकड ऐकू यायची, कारण विजेतून निघालेल्या लहरी त्या उंचीतच ढवळाढवळ करतात. एफएमचा संच उंचीकडं फारसं लक्ष देत नाही, म्हणून तिथं आवाज स्वच्छ. पण एफएमच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात आणि टेकडीआड कमी पडतात. मध्यम लहरी जमिनीला धरून लांब जातात.

मोबाईलमध्येही वाहक लहर आहेच. बदललं ते तिच्या पाठीवरचं ओझं. डिजिटल टेलिफोनच्या मूळ पद्धतीत आवाजाचं माप सेकंदाला ८००० वेळा घेतात. प्रत्येक माप आठ अंकांत लिहितात आणि प्रत्येक अंक शून्य किंवा एक असतो. म्हणजे सेकंदाला ६४,००० अंक झाले. मोबाईल ते आणखी आटोपशीर करून पाठवतो. घेणाऱ्या संचाला आता आवाजाचा प्रत्येक चढउतार हुबेहूब धरायचा नसतो. हे शून्य की एक, एवढंच ठरवायचं असतं. लहर थोडी बिघडली तरी निर्णय बरोबर येतो आणि खरखर तिथंच गळून पडते.

शिवाय आणखी एक सोय असते. मुशायऱ्यात कर्णा बिघडला तरी शेराचा शेवट श्रोते शायरासोबत म्हणतात, कारण काफिया आणि रदीफ यांनी तो आधीच सुचवलेला असतो. डिजिटल संदेशातही ठरलेल्या हिशेबानं काही जास्तीचे अंक जोडलेले असतात. एखादा अंक हरवला तर बाकीच्यांवरून तो शोधता येतो. गोंगाटाच्या वाटेवरूनही, एका मर्यादेपर्यंतच्या वेगानं, संदेश जवळजवळ बिनचूक नेता येतो, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणितानं सिद्ध केलं.

प्रश्न आहे तो मर्यादेपलीकडचा. जुना रेडिओ हळूहळू मावळायचा. खरखरीतूनही ‘मुसळधार’ हा शब्द कानावर यायचा. डिजिटलमध्ये दुरुस्तीची ताकद संपली की आवाज तुटतो आणि मग काहीच येत नाही. टॉवरजवळच्या माणसाला याचा त्रास नाही. त्रास आहे तो रेंजच्या कडेला असलेल्या शिवारातल्या माणसाला.

रेडिओची ती कडकड हीसुद्धा एक बातमी होती : वीज कुठंतरी आहे. आता विजेचा इशारा फोनवर मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप त्यासाठीच आहे आणि ते जरूर घ्यावं. पण त्याला इंटरनेट लागतं. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. त्यात ११२० अंक मावतात, म्हणजे इंग्रजीची १६० अक्षरं. देवनागरीची मात्र ७०च, काना-मात्रा धरून. रेंज नसेल तर तो कंपनीच्या यंत्रणेत थांबतो आणि फोन टप्प्यात आल्यावर पोचतो. तोवर वीज पडूनही गेलेली असू शकते.

शून्य हाही पाठवलेला संदेश असतो, पण फोनची शांतता म्हणजे शून्य नव्हे. इशारा आला नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही; कदाचित तो पोचलाच नसेल. म्हणून ढग भरून आले आणि फोन गप्प असला, तर कानावर भिस्त ठेवा. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका, काम टाका आणि पक्कं घर गाठा.